हिरव्या पाटीचा मान

माझी स्कूटर दारात आली त्याला आता पाच महिने झाले. तरी अजूनही गल्लीतून जाणारं कुणी ना कुणी तिच्यापाशी थांबतंच. गाडी काही फार वेगळी नाही. वेगळी आहे ती तिची नंबर प्लेट! हिरवीगार पाटी आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एमएच-३६ नि पुढचा नंबर.

"काकू, चॉईस नंबर घेतला काय वो? किती पैसे पडले?" समोरच्या घरच्या सुनेनं विचारलं.

"सरकारी गाडी आहे काय तुमची?" दूधवाल्या दादांची शंका.

बचत गटाच्या बैठकीत तर एका मावशीनं कमालच केली. म्हणाली, "बाई, बायांच्या गाडीले हिरवी पाटी भेटते म्हन्तात, खरं काय?"

मी पोटभर हसले. हसता हसता मनात आलं, गेल्या वर्षी आषाढापर्यंत मला तरी कुठे काय माहीत होतं? आणि जे माहीत नव्हतं, त्याची किंमत आमच्या घरानं मोजली. आमच्यापेक्षा जास्त एका म्हाताऱ्या माणसानं मोजली. म्हणून मैत्रिणींनो, आज ही गोष्ट सगळी सांगते. घरात बॅटरीची गाडी घ्यायचा विचार चालला असेल, तर जरा निवांत वाचा.

माझी धाकटी जाऊ लाखनीपासून सहा किलोमीटरवर राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, तेव्हा अकरावीत होती, सोळा वर्षांची. सकाळी कॉलेज, दुपारी शिकवणी. एसटी वेळेवर आली तर आली, नाही तर रस्त्यावर उभं राहायचं. पावसाळ्यात तर पोरीचे फार हाल. शेवटी जाऊबाईंनी मनावर घेतलं आणि बॅटरीची स्कूटर आणायचं ठरवलं. मलाही सोबत नेलं.

दुकानदार मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "काकू, याले नंबर लागत नाही, लायसन्स लागत नाही, इन्शुरन्स लागत नाही. चार्ज करा अन् पोट्टीच्या हाती द्या."

आम्हाला आणखी काय हवं होतं? गाडी बाहेर काढून पुतणीनं एक चक्कर मारली. परत आली तर तोंड एवढंसं. "मोठ्याई, ही तर सायकलसारखी चालते. पंचवीसच्या वर जातच नाही." दुकानदार हसला. "त्यात काय? लॉक खोलून देतो. पंचेचाळीस-पन्नास आरामात पळंल." दहा मिनिटांत त्यानं काहीतरी वायर इकडची तिकडं केली आणि गाडी खरंच पळायला लागली.

खरं सांगते, त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. उलट 'मेला किती चांगला माणूस, जास्तीचे पैसेही नाही घेतले' असंच मी म्हटलं. पुढे महिनाभर मीसुद्धा त्याच गाडीवर पुतणीच्या मागं बसून बाजारात गेले आहे.

आषाढात रोवणीचे दिवस होते. सगळीकडे बांध्या पाण्यानं भरलेल्या, बायामाणसं चिखलात. संध्याकाळी शिकवणीहून येताना वळणावर पुतणीला एक सायकलवाले बाबाजी उशिरा दिसले. रस्त्यावर ट्रॅक्टरनं आणलेला चिखल होता. तिनं जोरात ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि सरळ बाबाजींच्या सायकलवर गेली. पुतणीचा हात खरचटला. बाबाजींचा पाय मोडला, मांडीचं हाड.

त्यांना भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. पोलीस आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गाडीचा नंबर काय? जाऊबाई म्हणाल्या, "या गाडीले नंबर लागत नाही." पोलिसांनी गाडी पाहिली, मीटर पाहिला, वायरी पाहिल्या. मग म्हणाले, "पंचवीसच्या आत चालणाऱ्या गाडीला लागत नाही, ताई. ही तर पन्नासनं पळते. ही आता मोटार वाहनात जमा. नंबर नाही, विमा नाही, मुलीकडे लायसन्स नाही."

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. विमा असता तर बाबाजींची भरपाई विमा कंपनीनं दिली असती. इथे कंपनीच नाही. ऑपरेशन, सळी, औषधं, सगळं मिळून साठ हजारांच्या वर खर्च आला. भाऊजींनी तो भरला. त्यासाठी जाऊबाईंच्या दोन पाटल्या गेल्या. पण पैशापेक्षाही मनाला लागलं ते बाबाजींचं बोलणं. मी भेटायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रोवणीच्या दिवसात पाय मोडला बाई. आता वावरात कोन जाईल?"

आम्ही दुकानदाराकडे गेलो. तो हात झटकून मोकळा. "मी तर पंचवीसचीच गाडी विकली. तुम्हीच खोलून मागितली." पावतीवर अर्थातच लॉक खोलल्याचं काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच दिवशी मी ठरवलं की, आता गाडीबद्दलची एकही गोष्ट दुकानदाराच्या तोंडून ऐकून खरी मानायची नाही.

मी बचत गटांचं काम करते. रोज दोन-तीन गावं फिरावी लागतात. आजवर 'हे' सोडतील तेव्हा जायचं आणि आणायला येतील तेव्हा यायचं, असंच चाललं होतं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी यांच्या जुन्या पेट्रोलच्या स्कूटरवर गाडी शिकले. शिकाऊ लायसन्सची परीक्षा आता आधार कार्डाच्या आधारे घरी बसूनही देता येते, ती दिली. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेही आणलं. महिना उलटल्यावर पक्क्या लायसन्ससाठी भंडाऱ्याच्या परिवहन कार्यालयात गेले. आठचा आकडा काढताना पाय थरथर कापत होते. पण पास झाले! परीक्षा घेणाऱ्या मॅडम मोकळ्या स्वभावाच्या दिसल्या, म्हणून धीर करून विचारलं, "मॅडम, बॅटरीची गाडी घ्यायची आहे. हिरवी प्लेट कोणत्या गाडीला मिळते नि कोणत्या गाडीला काहीच लागत नाही, जरा नीट सांगता का?"

त्यांनी सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं. नंतर नियमही मिळवून वाचले. ते असे.

केंद्र सरकारनं ७ ऑगस्ट २०१८ रोजी अधिसूचना काढून बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांसाठी हिरव्या रंगाची नंबर प्लेट ठरवून दिली. गाडी घरच्या वापराची असेल तर हिरव्यावर पांढरी अक्षरं. भाड्यानं चालणारी, म्हणजे ई-रिक्षा, टॅक्सी, मालवाहू गाडी असेल तर हिरव्यावर पिवळी अक्षरं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना जसं घरच्या गाडीला पांढऱ्यावर काळं आणि भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळं असतं, तसाच हा फरक. रस्त्यावरून जाताना लांबूनच कळावं की ही बॅटरीची गाडी आहे, एवढाच हेतू. ही पाटी पैसे भरून मिळत नाही, ओळखीनं मिळत नाही, आणि बायकांची म्हणून तर मुळीच मिळत नाही!

मग मिळते कुणाला? इथे एक शब्द फार महत्त्वाचा आहे, 'केवळ'. नियमातली व्याख्या सांगते की, जी गाडी केवळ विजेच्या मोटरवर चालते आणि त्या मोटरला वीज केवळ गाडीत बसवलेल्या बॅटरीतून मिळते, तीच बॅटरीवर चालणारी गाडी. माझा भाऊ नागपूरला असतो. त्यानं हायब्रिड मोटार घेतली. ती थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर चालते. तो म्हणतो, "ताई, माझीही बॅटरीचीच आहे ना, मग मला पांढरी प्लेट का?" तर हे 'केवळ' त्याच्या गाडीला लागू होत नाही, म्हणून. सीएनजीच्या गाडीचंही तसंच. धूर कमी सोडत असली तरी ती बॅटरीची नाही, म्हणून तिला पांढरीच.

जुन्या पेट्रोलच्या गाडीचं इंजिन काढून बॅटरीचा संच बसवून घेणारेही आता निघाले आहेत. त्यात गल्लीतल्या मेकॅनिकनं जोडलेला संच चालत नाही. तो मान्यता मिळालेला हवा आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात होऊन आरसी बुकात इंधनाच्या जागी पेट्रोल जाऊन इलेक्ट्रिक यायला हवं. त्यानंतरच हिरवी पाटी. नोंद न करता कुणी हौस म्हणून पेट्रोलच्या गाडीची प्लेट हिरवी रंगवून घेतली, तर तो सरळसरळ गुन्हा.

आता दुसरा प्रश्न, ज्यात आम्ही फसलो. नंबरच लागत नाही अशी गाडी कोणती? अशा गाड्या आहेत, दुकानदार त्याबाबत खोटं बोलला नव्हता. पण त्यासाठी अटी आहेत. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी हवी. जास्तीत जास्त वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. आणि हे सगळं सरकारमान्य चाचणी संस्थेनं तपासून तसं प्रमाणपत्र दिलेलं हवं. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच आहे. या अटींत बसणारी गाडी कायद्याच्या भाषेत 'मोटार वाहन' ठरतच नाही. म्हणून तिला नोंदणी नाही, नंबर नाही, चालवायला लायसन्सही नाही. तिला हिरवी प्लेटही मिळत नाही, कारण मुळात प्लेटच नाही.

लक्षात घ्या, गाडी एक तर या बाजूला किंवा त्या बाजूला. 'नंबर नको पण वेग हवा' अशी मधली गाडी कायद्यात नाहीच. लॉक खोलून वेग वाढवला की, ती गाडी त्या क्षणी मोटार वाहन होते. तेही बिनानंबरचं, बिनाविम्याचं. असे प्रकार वाढले म्हणून २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागानं अशा गाड्यांची तपासणी करून कारवाई करण्याचे आदेश दिले होते.

कायद्यातल्या शिक्षाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार मालकानं गाडीत बेकायदा फेरफार केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. विक्रेत्यानं केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड. आणि अठराच्या आतल्या मुलानं किंवा मुलीनं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मुलाला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही! हे वाचून मी जाऊबाईंना सांगितलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ गप्प बसून राहिल्या. आमच्या प्रकरणात बाबाजींच्या घरच्यांनी समजूतदारपणा दाखवला, म्हणून निभावलं. प्रत्येक वेळी समोरचा माणूस तसाच असेल, असं थोडंच आहे?

तर असं सगळं समजून घेऊन मी नंबरची गाडी घेतली. परिवहन कार्यालयात चकरा माराव्या लागतील असं वाटलं होतं. पण नव्या गाडीची नोंदणी विक्रेत्यामार्फतच होते. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, तीही विक्रेत्यानंच बसवून द्यायची असते. त्या प्लेटवर अशोकचक्राचं चमकणारं चिन्ह असतं आणि लेझरनं कोरलेला आकडा असतो. बाजारातल्या पेंटरकडून करून घेतलेली हिरवी पाटी चालत नाही, हे त्यामुळे ओघानं आलंच.

फायदे म्हणाल तर आहेत. २ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेनं बॅटरीच्या गाड्यांना नोंदणीचं शुल्क माफ झालं. आपल्या राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मोटार वाहन करही माफ आहे. याच धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि आपल्या नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग यांवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसगाड्यांना टोलमाफी ठरवली आहे. दुचाकीवाल्या आपण मात्र त्यात नाही; समृद्धीवर तर दुचाकीला जायचीच मनाई आहे. ज्या बहिणींना ई-रिक्षा चालवून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांच्यासाठीही एक चांगली गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीच्या भाड्याच्या गाड्यांना परमिटची अट नाही. पण नोंदणी, विमा आणि ई-रिक्षाचं लायसन्स हवंच. तिथे 'पंचवीसच्या आत चालते म्हणून काही लागत नाही' हे चालत नाही. ई-रिक्षा हळू चालली तरी ती मोटार वाहनच. तिला हिरव्यावर पिवळ्या अक्षरांची पाटी लागते.

एक गैरसमज मात्र काढून टाका. हिरवी पाटी म्हणजे सगळ्या नियमांतून सुटका नव्हे. हेल्मेट लागतंच, लायसन्स लागतंच, विमा लागतोच. नव्या दुचाकीचा दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा तर एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. विम्याचे पैसे भरताना आधी मलाही जिवावर आलं होतं. मग बाबाजींचा पाय आठवला आणि मुकाट्यानं भरले.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं कराच. पहिलं, दुकानात शिरल्याबरोबर विचारा, 'ही नंबरची गाडी आहे की बिनानंबरची?' दुसरं, बिनानंबरची म्हणत असेल तर चाचणी संस्थेच्या मान्यतेचा कागद मागा आणि त्यात वॉट, वेग, वजन वाचा. समजत नसेल तर फोटो काढून घरी आणा, शिकलेल्या लेकीला दाखवा. तिसरं, पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, मोटरची ताकद आणि वेग लिहून घ्या. चौथं, 'लॉक खोलून देतो' असं ऐकलं की त्या दुकानातून उठा. पाचवं, नंबरची गाडी असेल तर प्लेट लागल्यावरच घरी आणा. आरसी आल्यावर तिच्यात इंधनाच्या रकान्यात इलेक्ट्रिक आणि त्यापुढे बीओव्ही ही तीन अक्षरं आहेत ना, ते पाहा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला तरी आरसीची माहिती दिसते.

आणि हो, बिनानंबरची गाडी वाईट असं माझं म्हणणं नाही. गावातल्या गावात, शाळेत, दळण आणायला ती छान आहे. फक्त ती जशी आहे तशीच राहू द्या. हळू चालणं हाच तिचा परवाना आहे.

पुतणीच्या गाडीचं काय झालं, असं तुम्ही विचारालच. पोलीस ठाण्यातून सुटून आल्यावर भाऊजींनी दुसऱ्या मेकॅनिककडून तिचा वेग पुन्हा पंचवीसच्या आत आणला. पण पुतणीनं तिला हातच लावला नाही. आता ती बारावीत आहे. "मोठ्याई, अठरा पूर्ण झाली की तुझ्यासारखी आठ काढूनच लायसन्स घेईन," म्हणते. तोवर ज्या दिवशी माझी गावं तिच्या वाटेवर असतात, त्या दिवशी मीच तिला शिकवणीला सोडते. मागं बसताना आधी स्वतःचं हेल्मेट घालते आणि मग मला विचारते, "तू घातलंस ना?"

बाबाजी आता काठी घेऊन चालतात. सायकल सुटली ती सुटलीच. पूर्वी ते वावरात जायचे, आता मुलगा जातो. त्यांच्या गावात आमचा एक गट आहे, म्हणून महिन्यातून एकदा तरी माझं जाणं होतं. मागच्या खेपेला ते ओसरीवर बसले होते. गाडी उभी केली तशी त्यांनी पाटीकडे निरखून पाहिलं.

"या गाडीले नंबर आहे काय बाई?"

"आहे बाबाजी. विमाही आहे."

"मंग ठीक," ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.